रातकिडा वाजेनासा झाला

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग म्हणजे मनातल्या मनात. कंबर धरल्यापासून आठही अंगं एका वेळी जमिनीला लागत नाहीत.) इकडे ही बरी आहे आणि मी घाबरलेला आहे, तेव्हा सरासरीने आम्ही बरे आहोत. तुझी तब्येत उत्तम असणार, रविवारी फोनवरच्या आवाजावरून तसंच वाटलं. भाऊजींबद्दल तू जे सांगितलंस तेही ऐकून फार बरं वाटलं. त्यांना नमस्कार सांग. दर रविवारी फोनवर तासभर भांडणारा भाऊ आज एकदम पत्र लिहायला बसला म्हणून तू घाबरशील, पण तसं काही नाही. आमचा फोन जरा बिघडलाय, एवढंच. मात्र हे पत्र वाचून झालं की फाड, आणि तुकडे एकाच दिवशी टाकू नकोस.

मी जन्माचा भित्रा, हे तुला मी सांगायला नको. लिफ्टमध्ये एकटा असलो की मला भीती वाटते, आणि दुसरं कुणी आत आलं की जास्त वाटते. सरकारी पाकीट आलं तर मी ते दोन दिवस उशीखाली ठेवतो, मग हिला उघडायला देतो. (ते बहुतेक वेळा शेजाऱ्यांचं निघतं.) असल्या माणसाला ही रॉकची आणि ब्लूजची आवड लागली कुठून, असं ही लग्न झाल्यापासून विचारते आहे. सगळं पाप तुझ्या माथी आहे. मी अकरा वर्षांचा असताना तू मला सर्कशीचा सिनेमा आहे असं धडधडीत खोटं सांगून थेटरात नेलंस. पडद्यावर केस वाढवलेली पाच माणसं आली, पहिला ड्रम वाजला आणि मी कानात बोटं घालून खुर्चीखाली गेलो. तेव्हा तू खाली वाकून सांगितलंस, की ससोबा, ते तुझ्यावर ओरडत नाहीयेत, ते स्वतःच घाबरलेत म्हणून ओरडतायत. मी बाहेर आलो, आणि तो सिनेमा आपण परत दोनदा पाहिला. घाबरलेल्या माणसाने घाबरलोय असं चालीवर सांगायचं आणि समोरच्यांनी टाळ्या वाजवायच्या, ही व्यवस्था मला फारच पटली. आमच्या ऑफिसात मी तसं करून पाहिलेलं नाही.

त्यातूनच पुढे आपला नेम ठरला. रविवारी चारच्या ठोक्याला तू तुझ्या घरी आणि मी माझ्या घरी एकच फिल्म लावायची, आणि संपली की फोनवर बक्षिसं वाटायची. आपल्या दोघांनाही गाण्यांपेक्षा मधल्या गोष्टींचं वेड जास्त. तार तुटली की गाता गाता ती बदलणारा तो टकला. लग्नात नवरदेवाचा मावसभाऊ उभा असतो तसा कोपऱ्यात उभा राहून मुकाट बेस गिटार वाजवणारा तो उंच माणूस. गिटार आपटून फोडणारा हिरो आला की तू टाळ्या वाजवतेस आणि मला मात्र काळजी लागते की आता हे झाडणार कोण. (एका फिल्ममध्ये झाडणारा दिसला होता. त्या रविवारचं बक्षीस मी त्यालाच दिलं होतं आणि तू चार दिवस बोलली नव्हतीस.) पण सगळ्यांत वरचढ आपला तो म्हातारा. तो काळ्या-पांढऱ्या माहितीपटातला, पडवीत खुर्ची टाकून एकटाच गिटार वाजवतो तो. आणि त्याच्यामागे गवतात बसलेला तो रातकिडा! म्हातारा चाल मोडतो, दम घेतो, खोकतो, पण रातकिडा ठेका सोडत नाही. दुसऱ्या गाण्यात बरोबर मध्यावर तो थांबतो आणि म्हाताऱ्याने शेवटची ओळ धरली की परत सुरू होतो. सव्वीस वेळा ती फिल्म पाहिली आपण, आणि सव्वीसही वेळा पहिलं बक्षीस रातकिड्याला गेलं.

ताई, तो रातकिडा वाजेनासा झाला आहे.

पाच रविवारांपूर्वी आपण ती फिल्म पुन्हा लावली, म्हातारा आला, गायला लागला, पण मागे सगळं सामसूम. मला वाटलं डिस्क खराब झाली. ती पुसली. मग वाटलं स्पीकर गेला. तो उघडला, आत एक मेलेलं झुरळ निघालं, ते काढलं, तरी नाही. नवी वायर आणली. आवाज अठरावरून एकतीसवर नेला, तसे खालच्या मजल्यावरचे घड्याळवाले वर आले आणि म्हातारा नक्की कधी जाणार असं त्यांनी विचारलं. शेवटी हिला स्वयंपाकघरातून बोलावलं. कणकेचे हात तसेच वर धरून ती दारात उभी राहिली, अर्धा मिनिट ऐकलं आणि म्हणाली, "किडा ना? ओरडतोय की चांगला." आणि गेली. मी तिथेच सोफ्यावर बसलो, आणि आवाज परत अठरावर आणला.

आता दुसऱ्या कुणाचं असं झालं असतं तर तो कानाच्या डॉक्टरकडे गेला असता. पण मी कानाच्या डॉक्टरकडेच नोकरीला, आणि तीही लोकांचे कान तपासायची! पेशंटला त्या बंद काचेच्या खोलीत बसवायचं, कानाला हेडफोन लावायचे, बाहेरून एकेक सूर सोडायचा आणि ऐकू आला की बटण दाबा म्हणून सांगायचं. तीस वर्षं हेच करतोय. आणि आमच्या साहेबांचा नियम असा, की रोज सकाळी मशीन सुरू केलं की तपासणाऱ्याने आधी स्वतःच्या कानाला हेडफोन लावून सगळे सूर ऐकायचे आणि वहीत 'ठीक' लिहून सही करायची. त्यासाठी त्याचा स्वतःचा कान शाबूत पाहिजे, म्हणून दर वर्षी आमचीही तपासणी होते. ज्याला ऐकू येत नाही त्याने दुसऱ्याचं ऐकणं मोजायचं नाही. नियम बरोबर आहे. (नियम मीच लिहून काढलाय, सुवाच्य अक्षर माझं म्हणून.) म्हणजे रातकिडा गेला तर त्याच्या मागोमाग नोकरीही गेली. मला दुसरं काही येत नाही, ताई. शिवाय दुसरं काही शिकायचीही भीती वाटते.

आणि तपासणी लगेच दुसऱ्याच दिवशी, सोमवारी! रविवारची रात्र मी कशी काढली ते मलाच ठाऊक. सोमवारी काचेच्या खोलीत बसलो, दार लागलं, बाहेर मशीनवर काउंटरवरच्या बाई. या बाईंना तपासणी शिकवली मीच, सहा वर्षांपूर्वी, आणि बाई अशा शिस्तीच्या की मी शिकवलं त्यात तिळाएवढा बदल नाही. आधी उजवा कान. आधी मधला सूर, मग वरचे, मग खालचे. ऐकू आला की आवाज दहाने कमी, नाही आला की पाचने जास्त, आणि दोन सुरांच्या मध्ये मी म्हणायचो तसं मनात 'एक चहा, दोन चहा, तीन चहा' म्हणून थांबायचं. मी आत बसून मधला सूर ऐकला. वरचे आले तेव्हा कानात काहीच नाही. आणि माझा अंगठा, माझ्या नकळत (हे निम्मं खोटं आहे), एक चहा, दोन चहा, तीन चहा म्हणत आपला बटण दाबत राहिला. बाहेर आलो. बाईंच्या हातातला आलेख आठवीतल्या मुलाचा असावा इतका सुरेख होता.

इथेच मिटलं असतं तर निभावलं असतं. पण साहेबांना तो आलेख इतका आवडला की त्यांनी चौकट करून बाहेरच्या खोलीत लावला. चोपन्न वर्षांच्या माणसाचे असे कान! आता येणारा-जाणारा पेशंट आधी चौकटीकडे बघतो, मग माझ्या कानांकडे. एका आजींनी तर मी कोणतं तेल घालतो ते विचारलं. मी रोज त्या चौकटीखालून मान खाली घालून आत जातो. रोज सकाळी हेडफोन लावतो, मशीनवरचा लाल दिवा लागलेला बघतो, 'ठीक' लिहितो, सही करतो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. साधी दाराची बेल वाजली (ती ऐकू येते, ती जाड आवाजाची आहे) तरी मला वाटतं, आले न्यायला.

आता खरी गोष्ट सांगतो. मागच्या मंगळवारी एक गृहस्थ आले, पियानो सुरात लावायचा धंदा. बारीक, टापटिपीचे, हत्यारांची चामडी पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. कान ठीक आहेत याची खात्री करायला दर दोन वर्षांनी येतात. मी तपासलं. उजव्या कानाचे वरचे सूर त्यांना अजिबात ऐकू आले नाहीत. साहेबांनी समजावून सांगितलं, वय झालं की असं होतं. गृहस्थांनी पिशवीचा पट्टा दोनदा लावला, दोनदा काढला, आणि मग मला म्हणाले, म्हणजे आता कामं घ्यायला नकोत. मी म्हटलं, बघा बुवा. त्या दिवशी पुढच्या चार पेशंटांचेही उजव्या कानाचे वरचे सूर गेले. चौघांचेही! बाईंना शंका आली, त्यांनी स्वतः हेडफोन लावला, आणि उजव्या बाजूने वरचा एकही सूर येत नव्हता. हेडफोनच गेला होता. सकाळी तो मी ऐकून 'ठीक' म्हणून सही केलेली. सगळे म्हणाले, दुपारी गेला असेल. चौघांना परत बोलावलं. पियानोवाल्यांनी मात्र फोनच उचलला नाही. त्यांच्या घरचा पत्ता माझ्या खिशात आहे. तीन संध्याकाळी त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आलोय.

तेव्हा ताई, विनंती एवढीच. तुझ्या गावात मला कुणी ओळखत नाही. तिथल्या एखाद्या कानाच्या डॉक्टरची वेळ घेऊन ठेव, नाव भाऊजींचं सांग. मी येतो, गुपचूप बघून घेतो, आणि तोवर इथे काही बोलत नाही. घरात सगळ्यांना यथायोग्य.

तुझा,
ससा

ता.क. पाकीट चिकटवायला हिच्याकडे दिलं तर हिने ते वाचलं. (गुपित हा शब्द आमच्या घरात फक्त शब्दकोडं सोडवायला वापरतात.) रागावेल वाटलं होतं. म्हणाली, तिला दीड वर्षापासून माहीत आहे. म्हणूनच ती हल्ली माझ्याकडे तोंड केल्याशिवाय बोलत नाही. मला वाटायचं, या वयात प्रेम वाढलंय. तसं म्हटलं तर म्हणाली, तेही आहे. मग तिने माझी चप्पल दारात आणून ठेवली, पियानोवाल्यांच्या गल्लीच्या दिशेने तोंड करून.

ता.क. दुसरा. जाऊन आलो. बेल वाजवली. दारातच सगळं सांगून टाकलं, हेडफोन, सही, अंगठा, चहा, सगळं. त्यांनी मला आत घेतलं, पियानोची एक पट्टी दाबली आणि ऐकत राहिले. मग तिच्या शेजारची, मग अगदी टोकाची. टोकाची मला ऐकू आली नाही, पण त्यांना आली, हे त्यांच्या तोंडावर दिसलं. नंतर मात्र त्यांनी मला चांगलं अर्धा तास झापलं. त्यातलं निम्मं ऐकू आलं, तेवढंही पुरेसं होतं. दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगितलं. ते स्वतः मशीनवर बसले आणि मला आत बसवून उलटसुलट सूर सोडले. अंगठा गप्प. वरचं सगळं गेलंय, कानात यंत्र घालावं लागेल. चौकट उतरली. सकाळचं ऐकणं आता बाईंकडे. मला ठेवलंय महिनाभर, पुढचं पुढे बघू म्हणाले. तेव्हा तुझ्या गावचा डॉक्टर नको. मी भितोय तसाच, फक्त आता सगळ्यांच्या देखत भितोय.

ता.क. तिसरा, आणि यासाठीच हे पत्र. आमचा फोन ठणठणीत आहे. गेले पाच-सहा रविवार तू फोनवर काय बोलतेस ते मला कळतच नाही. नुसता आवाज येतो, शब्द येत नाहीत. मी आपला हो, हो, वा, असं म्हणत राहतो. मी तुला कशाकशाला हो म्हटलंय देव जाणे, ते असू दे. पण मागच्या रविवारी तू मध्येच थांबलीस. बराच वेळ थांबलीस. मला वाटलं, रातकिड्याचा विषय निघाला असेल, म्हणून मी मोठ्याने हसलो. तू हसली नाहीस आणि फोन ठेवलास. वर भाऊजींबद्दल लिहिलंय ते खोटं आहे. मला फक्त 'ह्यांना' एवढंच ऐकू आलं होतं. काय झालंय ग त्यांना? मोठ्या अक्षरात लिही. किंवा लिहू नकोस, मी शनिवारच्या गाडीने येतो. माझ्यासमोर बसून सांग, माझ्याकडे तोंड करून.