उजवीकडून पहिली तबकडी

सोमवार, १२ नोव्हेंबर २००७

नात अमरीन हिच्या विवाहाचा प्रश्न आज रीतसर माझ्यापुढे आला. स्थळ पूर्णगडचे. मुलगा फुजैल, मस्कतला इंजिनिअर, सध्या रजेवर, जानेवारीत परत जाणार. माझा मुलगा अरशद याने कुवेतहून फोनवर सांगितले की मुलीचा बाप तो असला तरी निर्णय अब्बांचा. योग्य. मी आयुष्यभर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवले. या घरात निर्णयाला कारणे जोडण्याचे काम अन्य कोणी करीत नाही.

अमरीनचा अर्ज असा: होकार देण्यापूर्वी फुजैलशी फोनवर बोलू द्यावे. कारण विचारले. म्हणाली, माणूस कळतो, दादा. हे कारण नसून केवळ विधान आहे, हे मी दाखवून दिले. तेव्हा तिने पुरावा म्हणून एका कोरियन मालिकेचे नाव घेतले. तीत म्हणे दोघांची आधी ओळख होते, मग लग्न होते, आणि म्हणून ती सुखी होतात. नातीने आणि आजीने ही मालिका दुपारी मी झोपलेला असताना संपूर्ण पाहिलेली आहे, हेही याच ओघात उघड झाले.

निर्णय: पुरावा मी स्वतः तपासणार. तोवर फोन बंद. तपास पूर्ण होईपर्यंत कोणीही माझ्याशी मालिकेविषयी एक शब्द बोलणार नाही.

मंगळवार, १३ नोव्हेंबर

अरशदने पाठवलेली पेटी ताब्यात घेतली. आत चार डीव्हीडी एका ओळीत बसवलेल्या. त्यांवर आकडा नाही. प्रत्येकीवर तेच तरुण जोडपे वेगवेगळ्या कोनांतून हसत आहे. बाजूला कोरियन अक्षरे, पेटीच्या बाहेर अरबी.

क्रम कोणता? प्रश्न सोपा होता. कुवेतमध्ये जे लिहिले-वाचले जाते ते उजवीकडून सुरू होते. ही पेटी कुवेतमधील आहे. म्हणून हिची पहिली तबकडी उजवीकडची. अनुमान निर्दोष.

मी उजवीकडची तबकडी काढताना अमरीनने तोंड उघडले. नियमाची आठवण करून दिली. रझिया तिला म्हणाली, गप रव गो, त्यांचा पुरावा बाटेल. बायकोने नियमाचा मान राखल्याचे हे पहिलेच उदाहरण.

संकल्प: शितावरून भाताची परीक्षा. एकच भाग पाहायचा.

बुधवार, १४ नोव्हेंबर. सायं. ७

चार भाग पाहिले. एकाच भागावरून निष्कर्ष काढणे हा घाईच्या सामान्यीकरणाचा दोष झाला असता. मध्ये लोडशेडिंग झाले, त्या वेळेत टिपणे काढली.

नायिका शेवयांचे हॉटेल चालवते. नायक छत्रीच्या कारखानदाराचा मुलगा. संवाद कोरियन, खाली इंग्रजी सबटायटल. लेखक कोणत्याही पात्राची ओळख करून देत नाही. सगळे असे बोलतात की जणू आपण त्यांना पूर्वीपासून ओळखतो. हा आधुनिकपणा असावा. चौथ्या भागात दोघांचे लग्न होते. मांडवात एका खुर्चीवर नायकाच्या दिवंगत आजोबांची तसबीर ठेवलेली आहे. विवाह इतक्या लवकर लावल्यावर लेखकापाशी पुढील तीन तबकड्यांसाठी काय उरणार, ही शंका मी नोंदवून ठेवतो.

नायक लग्नात स्वतःच्याच छत्रीत अडकून पडतो तेव्हा मला हसू आले नाही. खोकला आला. रझियाने आतून विचारले, काढा करू काय ओ, की पुढला भाग लावताय.

संकल्प: पुढील तबकडी शुक्रवारी, जुम्याच्या नमाजानंतर.

गुरुवार, १५ नोव्हेंबर

दुसरी तबकडी आजच पाहिली. शुक्रवारी पाहुणे येण्याची शक्यता होती. (टीप: शुक्रवारी कोणी आले नाही.)

घोर निराशा. कालच विवाहबद्ध झालेले जोडपे आज वेगवेगळ्या घरांत राहते. लग्नाचा उल्लेखही नाही. नायिका नवऱ्याला बहुमानार्थी संबोधते आणि नवरा तिच्या हॉटेलबाहेर उभा राहून तिला आपण आवडतो काय, याचा अंदाज घेतो.

नायकाचे आजोबा मात्र प्रत्यक्ष अवतरले. स्मृतिचित्रण असावे. सबंध मालिकेत हाच एक विचारी माणूस. ते अखेरीस नातवाच्या विवाहास संमती देतात आणि मग वारतात. विवाह आधी, संमती नंतर. अशी मागाहून मंजुरी सरकारी कचेरीत चालते. निकाहात चालत नाही. तरीही मृत्यूचा प्रसंग संयमाने रंगवला आहे. माझा चष्मा पुसावा लागला. काचेवर धूळ होती.

सोमवार, १९ नोव्हेंबर

सुलेमान आला. माझा धाकटा भाऊ. मिरकरवाडा बंदरात मासेमारीच्या त्याच्या दोन लाँच आहेत आणि तर्कशास्त्राशी त्याचा संबंध नाही. म्हणाला, भाई, पोरीचं लगीन आहे, सुप्रीम कोर्टाची केस नाय. मी म्हणालो, दोहोंत अपील अवघड असते, एवढे साम्य आहे. तो म्हणाला, पूर्णगडवाल्यांनी महिनाअखेर सांगितलंय. फुजैलसाठी चिपळूणचंही स्थळ आहे, आणि चिपळूणवाले टीव्ही बघत बसलेले नाहीत.

मी त्यास सांगितले की निम्मा तपास झाला आहे.

तो गेल्यावर अमरीन चहा घेऊन आली. चहात साखर नव्हती. विचारले, तर म्हणाली, लक्षात नाही राहिलं, दादा. मग दारात थांबून तिने विचारले, अजून किती राहिलं? मी म्हणालो, दोन तबकड्या. ती काही बोलली नाही. नियम काटेकोर पाळते, हे नमूद करतो. डोळे सुजलेले वाटले. बीएडचा अभ्यास असावा.

मंगळवार, २० नोव्हेंबर

तिसरी तबकडी. अधोगती चालूच. दोघे आता एकमेकांना पाण्यात पाहतात. नायकाच्या आईला फसवण्यासाठी साखरपुडा झाल्याचे नाटक करतात आणि त्यासाठी लेखी करार करतात. झालेल्या लग्नानंतर खोटा साखरपुडा. या वर्तनाचा उलगडा स्मृतिभ्रंशाखेरीज होत नाही, आणि डॉक्टर तर एकही दाखवलेला नाही.

आजोबा पुन्हा हजर. गेल्या खेपेस दफन झालेले गृहस्थ आज दोन वाडगे शेवया खातात आणि या मुलीशी संबंध ठेवू नकोस, असे नातवाला ठणकावतात. स्मृतिचित्रणाची माझी उपपत्ती येथे टिकत नाही. हे त्यांचे जुळे भाऊ असावेत. लेखकाने सांगण्याची तसदी घेतलेली नाही.

एक सूक्ष्म निरीक्षण: प्रत्येक तबकडीत चार भागांच्या ओघात परिस्थिती किंचित सुधारते आणि पुढील तबकडीत एकदम ढासळते. ही लेखकाची शैली आहे. मला ती सांकेतिक वाटते.

रझियाला मी एवढेच विचारले की कोरियात जुळी मुले अधिक होतात काय. तिने पदर तोंडाला लावला आणि उठून गेली. हल्ली तिला फार ठसका लागतो.

शनिवार, २४ नोव्हेंबर. दुपारी ४

चौथी व अखेरची तबकडी पाहून संपवली. लिहिण्यास थोडा वेळ घेतला.

आता ते एकमेकांना ओळखतही नाहीत. तो तिच्या हॉटेलात येतो, तिच्या अंगावर रस्सा सांडतो. ती त्याला हाकलून देते. सबंध तीन भाग ते भांडतात, परक्यांसारखे. शेवटच्या दृश्यात बसथांब्यावर पाऊस. तो तिला स्वतःची छत्री देतो. मग तिचे नाव विचारतो. ती सांगते. तो भिजत निघून जातो. समाप्त.

ज्या स्त्रीशी लग्न केले तिचे नाव विचारून माणूस निघून जातो, आणि ही तबकडी विनोदी म्हणून विकली जाते. वेष्टनावर दोघे कशाला हसत आहेत, याचा अखेरपर्यंत पत्ता लागला नाही. ही निव्वळ फसवणूक आहे.

डोळ्यांत पाणी आले ते फोडणीमुळे. आज घरी फोडणी झालेली नाही, हे रझियाने विनाकारण निदर्शनास आणले.

रविवार, २५ नोव्हेंबर

निकाल.

अमरीनने घटना तिन्ही बरोबर सांगितल्या होत्या: ओळख, लग्न, सुख. क्रम मात्र नेमका उलटा सांगितला. पूर्वग्रहामुळे सुशिक्षित मुलीचीही स्मृती कशी विकृत होते, याचे हे उत्तम उदाहरण. वस्तुस्थिती अशी की सुखाने आरंभ झाला, विवाह झाला आणि अखेर ओळखही उरली नाही. ज्या आजोबांनी संमती दिली ते त्याच भागात वारले. यावरून योग्य तो बोध घेता येतो.

म्हणून फोनची परवानगी नाही आणि या स्थळासही नकार. पुराव्यावर मुलीनेच भिस्त ठेवली होती. पुरावा तिच्याविरुद्ध गेला.

निकाल वाचून दाखवला. अमरीनने आजीकडे पाहिले. आजीने पंख्याकडे पाहिले. अमरीन म्हणाली, दादा, एकदा परत बघा, यावेळी दुसऱ्या बाजूने. मी म्हणालो, मी दोन्ही बाजू विचारात घेऊनच निकाल देतो. ती खोलीत गेली आणि कडी लावली.

रात्री तिचे जेवण झाकून ठेवावे लागले.

बुधवार, २८ नोव्हेंबर

तिचे जेवण आजही झाकलेलेच. घरात कोणी वाद घालत नाही. मुद्दे संपल्याचे हे लक्षण.

नकार फोनवर देणे शिष्टसंमत नाही. शनिवारी पूर्णगडला जाऊन कारणांसह तोंडी द्यावा, असे ठरवले. सुलेमानची जीप. रझिया म्हणाली, मीपण येतंय. तिने बाजारातून पेढ्यांचा बॉक्स आणवला. नकाराला पेढे कशास, असे विचारले. म्हणाली, कुणाच्या घरी रिकाम्या हाताने जाऊ नये ओ, पेढ्यांना काय म्हायती तुमचा निकाल.

शनिवार, १ डिसेंबर. पूर्णगडहून परत

जे घडले ते क्रमाने लिहितो.

फुजैलची आई कौसरबी उर्दू शाळेच्या मुख्याध्यापिका आहेत. काही वर्षे कुवेतला होत्या. ऐकून घेण्याची त्यांना सवय आहे, म्हणून मी प्रस्तावनेसह मांडणी केली. फुजैल कोपऱ्यात उभा होता. मुलगा सभ्य दिसला, अर्थात हा मुद्दा गैरलागू. मी विवाहापासून आरंभ केला. विभक्त राहणे, खोटा साखरपुडा, रस्सा आणि छत्री असे टप्पे सांगितले. आजोबांच्या जुळ्या भावाचा प्रश्न अनुत्तरित राहतो, असे म्हणालो तेव्हा कौसरबींनी कप बशीत ठेवला.

त्यांनी विचारले, चाचा, पहिली कुठली लावलीत? मी म्हणालो, उजवीकडची. कारणही सांगितले. त्या म्हणाल्या, पेटी विकली कुवेतवाल्याने, पण भरली कोरियावाल्याने, चाचा. आमच्याकडे पण हीच आहे. डावीकडून लावायची.

सुलेमान समुद्र पाहायला म्हणून ओट्यावर गेला. तो रोज समुद्रातच असतो. खिडकीतून त्याची पाठ दिसत होती आणि ती हलत होती.

मी क्षणभर वेळ मागून घेतला. चारही तबकड्या मनात डावीकडून लावल्या. आजोबा एकदाच वारले. ते आधी नाही म्हणाले, मग हो म्हणाले. छत्री देऊन तो गेला ती सुरुवात होती.

अशा वेळी प्रामाणिक माणसाला निष्कर्ष बदलावा लागतो. मी म्हणालो की विधाने तीच ठेवून केवळ क्रम पालटल्यास मुलीचा दावा सिद्ध होतो, आणि ज्याअर्थी दावा सिद्ध होतो त्याअर्थी. येथवर आलो होतो. तेवढ्यात रझियाने बॉक्स उघडला आणि कौसरबींच्या तोंडात पेढा घातला. कौसरबींनी रझियाच्या तोंडात घातला. फुजैलने वाकून मला सलाम केला. माझे "म्हणून" राहूनच गेले.

परतीच्या वाटेवर पावस गावाच्या चढणीला रझियाला विचारले, तुला ठाऊक होते तर बोलली का नाहीस. म्हणाली, तुमीच म्हणालात ना, एक शब्द बोलायचा नाय. सुलेमान म्हणाला, भाबी, मला हसवू नको, गाडी दरीत जाईल.

रविवार, २ डिसेंबर

अमरीनला फुजैलशी फोनवर बोलण्याची परवानगी आजपासून दिली. तिला बोलावून रीतसर सांगितले. म्हणाली, शुक्रिया, दादा. तेवढ्यात तिच्या मुठीतला मोबाइल वाजला. तो सुलेमानचा जुना मोबाइल असल्याचे माझ्या ध्यानात आले. तो तिच्याकडे केव्हापासून आहे, हे मी विचारले नाही. उत्तर ऐकल्यास परवानगीची तारीख मागे न्यावी लागली असती.

चहात साखर होती. जरा जास्तच.

सोमवार, १७ डिसेंबर

मोहरमच्या आधी निकाह उरकावा, असे सर्वांनी ठरवले. मला कळवण्यात आले. वधूचा वकील मी. दोन साक्षीदारांसह वधूकडे जायचे, तिची संमती विचारायची आणि ती काझींपुढे न्यायची. आयुष्यभराच्या तयारीला साजेसे काम. प्रश्नाचा मसुदा आजच घेतला. वराचे नाव, वडिलांचे नाव, गाव, मेहरची रक्कम आणि अखेरीस संमतीची पृच्छा. संदिग्धतेस कोठेही वाव नाही.

शुक्रवार, २८ डिसेंबर

निकाह झाला.

आतल्या खोलीत बायकांनी वाट करून दिली. सुलेमान आणि अमरीनचा मामू साक्षीला. अमरीन खाली मान घालून बसली होती. मी प्रश्न सुरू केला. पूर्णगडचे, असे म्हणालो, एवढ्यात ओढणीखालून आवाज आला, होय.

मी म्हणालो, बाळ, कशास संमती द्यायची ते अजून सांगितलेले नाही. बायका हसल्या. मी मेहरपर्यंत आलो. पुन्हा होय. सुलेमान म्हणाला, भाई, चला आता, तिकडे नवरा घामाने भिजला. मी त्यास थांबवले आणि प्रश्न शेवटपर्यंत पूर्ण केला, कारण अर्धवट प्रश्नाचे उत्तर ग्राह्य नसते. तेव्हा मात्र तिने उत्तर दिले नाही. वर पाहिले आणि माझा हात धरला. बराच वेळ सोडला नाही.

बाहेर काझींनी विचारले, मुलगी काय म्हणाली? मी सांगितले, होय म्हणाली.

त्यांनी कारण विचारले नाही. माझ्यापाशी नव्हतेही.