आडवा दिसला तरी हात लावायचा नाही

तरसाली, बडोदे
२४ नोव्हेंबर २०२५

प्रिय शालिनीवन्सं,

नमस्कार. तुमचं पत्र परवा मिळालं. सगळ्यांची खुशाली वाचून बरं वाटलं. फोन करायचा सोडून लिहीत बसलेय म्हणून रागावू नका. तुमच्या कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं, मग तन्मय फोन स्पीकरवर टाकतो, आणि मी काय बोलले ते तुमच्याआधी सूनबाई दीप्तीला आणि तुमच्या स्वयंपाकाच्या बाईंना कळतं. त्यापेक्षा कागद बरा.

माझा गुडघा आहे तसाच आहे. थंडी पडायला लागलीय. शेजारच्या हंसाबेन काल लीलव्याची, म्हणजे ओल्या तुरीची, कचोरी देऊन गेल्या. "सरोजबेन, एकलां एकलां शुं करो छो?" म्हणून रोज एकदा डोकावतात. काय करणार, भिंतींशी बोलते म्हटलं. त्यांना ते खरंच वाटलं, तासभर बसून गेल्या.

तुम्ही लिहिलंय की वर्षश्राद्ध उरकलं की घर बंद करून कायमच्या नाशिकला या, खालची खोली तुमच्यासाठी रिकामी करून ठेवलीय. वाचून डोळ्यांत पाणी आलं, खोटं सांगत नाही. मूल ना बाळ, बहात्तर वर्षांच्या भावजयीला कोण असं म्हणतं हल्ली? पण वन्सं, यायचं कसं? माशांचं काय करू?

हसाल तुम्ही. पण तुमच्या दादाची ती चार फुटी टाकी अजून पुढच्या खोलीत आहे. टेट्रा, गप्पी, एंजल, सगळी पंचमेळ वस्ती. आणि तळाशी त्यांचे लाडके लोच. झाडांबरोबर टाकीत गोगलगायी आल्या होत्या, त्या फस्त करतात म्हणून २००९ साली सहा आणले. तेव्हा बोटाएवढे होते, आता वितीला भारी आहेत. केशरी अंग आणि त्यावर तीन काळे पट्टे, जावयासारखे नटलेले. वीस-वीस वर्षं जगतात म्हणे. थंडीत त्यांना हीटर लागतो, खाणं वेळेवर लागतं. संध्याकाळी पाच म्हणजे पाच. उशीर झाला की टक टक आवाज काढतात, स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येतो.

ते तळाशी राहणार, म्हणून यांनी टाकीचं स्टँड मुद्दाम बुटकं करून घेतलं, आणि त्यांना बघायला स्वतः फरशीवर कुशीवर आडवे. डोक्याखाली हात, डोळे टाकीत. रिफायनरीतून रिटायर झाल्यापासून तोच उद्योग. माणूस बघायचा तर पायाखाली बघावा लागे. मी केर काढताना त्यांच्याभोवतीने केरसुणी फिरवत असे.

आणि लोचांची ती खोड तुम्हाला ठाऊक आहेच. चांगला धडधाकट मासा एका कुशीवर आडवा पडतो, अगदी मेल्यासारखा. पहिल्यांदा मी पाहिलं तेव्हा हे ड्यूटीवर होते. मी रडून शेजार गोळा केला. हे आले, काचेवर टिचकी मारली, मासा उठून चालता झाला. त्यानंतर पंधरा वर्षं तीच गोष्ट. "आमच्या हिनं जिवंत माशाचं सुतक धरलं होतं." तन्मयच्या लग्नात पंगतीत सांगितली, तेव्हा तुम्हीसुद्धा पदर तोंडाला लावून हसलात. असो. तेव्हापासून मला हुकूमच होता, आडवा दिसला तरी हात लावायचा नाही, झोपू द्यायचं.

तुम्ही विचारलंय, दादा शेवटचं काय बोलला. काय बोलणार, नेहमीचंच. चारला चहा घेतला. पाचला बघते तर आडवे. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

तर असं आहे. सहाही लोच मजेत आहेत, सहा जीव टाकून येववत नाही. तन्मयला म्हणावं तिकिटाची घाई करू नको. दीप्तीला आशीर्वाद.

तुमची वहिनी,
सरोजिनी

*

तरसाली, बडोदे
१३ डिसेंबर २०२५

प्रिय वन्सं,

नमस्कार. पत्र मिळालं. तीनदा वाचलं. तन्मयनं नाशिकला मोठी टाकी असलेला माणूस शोधून काढला, मासे ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांतून न्यायचे, वर्षश्राद्ध झालं की तो स्वतः गाडी घेऊन येणार. पोरगं गुणी आहे. माझ्या सबबीला त्यानं जागाच ठेवली नाही.

आधी छोटं खोटं सांगून टाकते. लोच सहा नाहीत. एकच उरलाय. पाच जण या वर्षात गेले, आणि ते मी मारले. आता मला कुणीही आडवं पडलेलं बघवत नाही. मासा कुशीवर झाला की मी जाळीच्या दांड्यानं त्याला ढोसते. उठला की बरं वाटतं. दिवसातून दहा वेळा, वीस वेळा. झोप नाही की थारा नाही. मग ते खायचे थांबले, झाडामागे दडून बसले आणि एकेक करून गेले. समोरचे प्रतापराव म्हणाले, "वहिनी, पाणी तपासून घ्या." पाण्याला काय झालंय? पाणी छान आहे.

आता मोठं. तुम्ही लिहिलंय, "वहिनी, तुम्ही अर्ध्या तासात दवाखान्यात पोचवलंत म्हणून दादा तीन दिवस तरी वाट्याला आला, मला त्याचा हात धरता आला." आणि हे तुम्ही तिकडे सगळ्यांना सांगता. वर्षश्राद्धाला मला साडी नेसवणार आहात. ती साडी मला नको. हे वाचून झालं की कुणाला द्यायची ते ठरवा.

त्या दिवशी उत्तरायण होतं. आदल्या दिवसापासून आमचं वाजलं होतं. मला संक्रांतीला तुमच्याकडे यायचं होतं आणि हे म्हणाले, दोन दिवस मासे कोण बघणार? ज्या कारणावरून मी त्यांच्याशी भांडले तेच कारण मी गेल्या पत्रात तुम्हाला लिहिलं, बघा. सकाळी अकराला हंसाबेननी पतंग बघायला गच्चीवर बोलावलं. हे फरशीवर आडवे होते. चला म्हटलं तर म्हणाले, "तू जा, मला कापाकापी बघायची नाही." मी म्हटलं, माशांशीच लग्न करायचं होतं. आणि गेले.

सव्वाबाराला खाली आले. हंसाबेननी उंधियू-जिलबीचं ताट यांच्यासाठी दिलं होतं. हे तसेच कुशीवर, तोंड टाकीकडे. "जेवून घ्या," म्हटलं. उत्तर नाही. पुन्हा म्हटलं. तर नुसतं "हं" आलं. लांबट, घशातलं. मला वाटलं रुसलेत. मी ताट डोक्याशी ठेवलं, वर झाकण ठेवलं आणि म्हटलं, "पडा खुशाल." वाकून तोंड बघितलं नाही. बघावंसं वाटलंच नाही असं नाही, वन्सं. आवाज वेगळा होता, ते मला तेव्हाच कळलं होतं. पण मनात आलं, मी ओरडायचे, हे उठून बसायचे, आणि मग दुसरी गोष्ट तयार. माशाचं झालं, आता नवऱ्याचं सुतक. हंसाबेनच्या गच्चीवर तीस माणसं होती. मला पुन्हा हसं करून घ्यायचं नव्हतं. पंधरा वर्षांची शिकवण होती, आडवा दिसला तरी हात लावायचा नाही.

चारला परत आले, स्वेटर घ्यायला. ताटावरचं झाकण तसंच. मला संताप आला. मी ओट्याशी उभी राहून चहा केला, माझ्या एकटीपुरता, उभ्याउभ्याच प्यायले आणि रागात स्वेटर न घेताच वर गेले. चारचा चहा तो. त्यांनी नाही घेतला, मी घेतला.

पाचला थंडी वाजायला लागली म्हणून खाली आले, तर टक टक टक. सगळे लोच यांच्या तोंडासमोर काचेला येऊन खाणं मागत होते. सोळा वर्षांत यांचे पाच कधी चुकले नव्हते. तेव्हा मी धावले. तोंड एका बाजूला ओघळलं होतं. जिलबीला मुंग्या लागल्या होत्या आणि त्या यांच्या हातावर चढल्या होत्या, आणि हे हात हलवत नव्हते. डोळे उघडे होते. माझ्याकडे बघत होते. दुपारी बारालाही उघडेच असणार.

प्रतापरावांनी गाडी काढली, साडेपाचला दवाखान्यात पोचलो. तिथवर तुमची गोष्ट खरी आहे.

डॉक्टरांनी विचारलं, यांना शेवटचं नीट कधी पाहिलंत? मी म्हटलं, "चारला. चहा घेतला यांनी." किती सहज आलं तोंडातून. प्रतापराव शेजारी उभे होते. खरं सांगायचं म्हणजे नवरा पाच-सहा तास फरशीवर पडला होता आणि मी गच्चीवर उंधियू खात होते, हे सांगणं आलं. मग डॉक्टर म्हणाले, बरं झालं, वेळेत आणलंत. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन आहे, पण ते साडेचार तासांच्या आतच देता येतं, नंतर दिलं तर मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती फार. वेळेबद्दल खात्री आहे ना? असं त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं. सहीचा कागद पुढे केला.

वर्षभर मी स्वतःला सांगत आले की इंजेक्शन मिळावं म्हणून मी खोटं बोलले. तसं नाही. इंजेक्शनचं कळायच्या आधीच बोलले होते. कळल्यावर मागे घेता आलं असतं. मी चष्मा पुसला आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही आलात, त्यांचा हात हातात घेतलात. त्याच रात्री मेंदूत रक्तस्राव झाला. संकष्टीला गेले. डॉक्टर बिचारे माझी समजूत घालत होते, वेळेत दिलं तरी शंभरातल्या चारपाच जणांना असं होतं, तुमचं नशीब. मी मान हलवली. खरी वेळ सांगितली असती तर काय झालं असतं? कदाचित आज ते एका अंगानं लुळे, पण फरशीवर आडवे पडून टाकीत बघत असते. कदाचित असेही गेले असते. ते मला कळणार नाही, आणि हे कळणार नाही म्हणूनच गेलं वर्षभर माझी भाकरी घशाखाली उतरली असेल.

दवाखान्यात तुम्ही माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडलात. तेव्हा सांगायला हवं होतं. तेराव्याला सांगायला हवं होतं. तुम्ही शेजारी होतात, आणि मी तुम्हाला लाडवाचा आग्रह करत होते.

तुम्ही विचारत होतात ना, दादा शेवटचं काय बोलला. "हं" म्हणाला. मला हाक मारत होता. आणि त्यावर मी जे बोलले ते वर लिहिलंय, पुन्हा लिहवत नाही.

मला तुमचा रागही आला होता वन्सं, तेही सांगते. त्या पंगतीत तुम्ही हसला नसतात तर, असं शंभरदा मनात आलं. ते चुकीचं आहे. हसण्यानं कुणी मरत नाही. तुमच्या दादाचं काय, त्यांना गंमत करायची सवय होती, माणूस वाईट नव्हता. वाकायचं होतं मला. कमरेत वाकायला दोन क्षण लागतात.

यंदा ती संकष्टी अंगारकी आहे, सहा जानेवारी. श्राद्धाला भटजी सांगून ठेवलेत. तुम्ही आलात तर पान तुमच्या हातानं वाढा. मी वाढलेलं त्यांना पोचत असेल असं मला वाटत नाही. त्यानंतर तन्मयनं गाडी आणायची की नाही ते तुम्ही ठरवायचं. आला तर मी काही न विचारता बसेन. नाही आला तरी काही विचारणार नाही. हे पत्र त्याला वाचायला दिलंत तरी चालेल, स्पीकरवर टाकलं तरी चालेल. बॅग भरलेली नाही, पण कपाटावरून खाली काढून ठेवलीय.

उरलेला लोच आत्ता कुशीवर झालाय. दांडा हातात घेतला होता, तो खाली ठेवला आणि आधी हे पत्र पुरं केलं. आता उठून बघते.

खाली नुसतं नाव लिहितेय. नातं काय लिहायचं ते आता तुमच्या हातात आहे.

सरोजिनी