इंदूचा फ्रीज

रविवार, ४ मार्च २००७

फ्रीज बदलायचा म्हणे! सकाळी चहाबरोबर अभयने एक रंगीत कागद पुढे सरकवला. दोन दारांचा, माणसाएवढा उंच, बर्फ म्हणे आपोआप वितळतो. "बाबा, पाडव्याला घेऊ या. आपला आता बारा वर्षांचा झाला."

मी म्हटलं, "मी अडुसष्टचा झालोय. मलाही एक्स्चेंजमध्ये देऊन टाक."

सूनबाई हसली. पोरगा नाही हसला.

पंच्याण्णवच्या दसऱ्याला आणला हा फ्रीज. मार्केट यार्डात कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर दिवाणजी होतो मी, शिक्षण सातवी. धायरीत तेव्हा आमच्या बिल्डिंगीत कुणाकडे फ्रीज नव्हता. इंदूने त्याला हळदकुंकू लावलं आणि आत पहिल्यांदा काय ठेवलं, तर अर्धं लिंबू! कापलेलं लिंबू चार दिवस जसंच्या तसं राहतं याचं तिला कोण कौतुक. शेजारणींना दार उघडून दाखवायची.

वायरिंग माझं. कुणी शिकवलं नाही, जुन्या बाजारातून पुस्तकं आणून शिकलो. बिल्डरने अर्थिंग दिलंच नव्हतं. मग फ्रीजपासून तांब्याची जाड तार काढली आणि ओट्याखाली नळाच्या लोखंडी पाइपला घट्ट आवळली. पाइप जमिनीत जातो — झालं अर्थिंग! खालच्या हिंमतरावांनी फ्रीज घेतला तेव्हा त्यांच्याकडेही मीच करून दिलं.

दारावर माझ्या अक्षरातला कागद अजून आहे. भिंतीपासून वीतभर लांब ठेवावा. गरम भांडं आत ठेवू नये. बर्फ सुरीने खरवडू नये. दर गुरुवारी बर्फ वितळवून मागचं ताट रिकामं करावं. ओल्या हाताने दार उघडू नये. इंदूने एकूण एक पाळलं. आणि आता हे म्हणतात, भंगारात द्या!

सोमवार, ५ मार्च

रंगीत कागदाच्या पाठीवर वाण्याची यादी लिहिली. कळेल त्याला.

गुरुवार, ८ मार्च

गुरुवारी आमच्याकडे सकाळी लाइट जातात, म्हणून बर्फ वितळवायचा वारही गुरुवार. बटणाला हात लावायलाच नको, लाइटच नसतात! लाइट आले की फ्रीज आपला आपण सुरू. ही युक्ती माझीच. इंदू गेल्यावर दोन वर्षं हे काम मी केलं — मागचं ताट अलगद ओढायचं, ओतायचं, कॉम्प्रेसरभोवती कोरडं फडकं फिरवायचं. पण या जानेवारीपासून गुडघा वाकत नाही. आता कामवाल्या नंदाला सांगतो. ती पुढचं पुसते, मागे बघतच नाही. आज ताट भरून वाहिलं, फरशीवर तळं.

भांडी घासताना म्हणाली, "काका, नळाला मुंग्या आल्या."

म्हटलं, "ताट ओतलं असतंस तर नसत्या आल्या. काम नको, की मुंग्या येतात."

बिचारी भांडी विसळत राहिली. उगाच बोललो. नंतर तिला चहा दिला, बशीत दोन खारी ठेवल्या.

सूनबाई — नम्रता, नागपूरची, गेल्या वर्षी लग्न होऊन आली — हिची निराळीच तऱ्हा. स्वयंपाकघरात रबरी सपाता! दहा वेळा सांगितलं, या घरात ओट्यापाशी कुणी पायात घालून जात नाही. इंदू तर बाहेरून आली की पाय धुऊनच आत यायची. नंदासुद्धा चपला दाराबाहेर काढते. तर ही म्हणते, "बाबा, फरशी थंड लागते ना. काहून इतकं मनावर घेता?"

काहून घेतो! जिची ती जागा होती तिचा फोटो अजून समोर आहे, म्हणून घेतो.

शुक्रवार, ९ मार्च

आज पुन्हा तोच विषय. अभय म्हणाला, "बाबा, नंदाला नळापाशी खरंच काहीतरी जाणवलं असेल. एकदा इलेक्ट्रिशियनला दाखवू."

मी म्हटलं, "माझ्या कामावर दुसरा माणूस आणणार? तू?"

"जुनी वस्तू आहे हो. काळजी वाटते."

काळजी! तोंडावर आलं होतं ते बोलूनच टाकलं. "अकरा फोन केले होते तुला त्या दिवशी. तेव्हा कुठे होती काळजी?"

उठून गेला. जेवला नाही. मीही नाही.

इथे लिहितो, इथे कुणी उठून जात नाही. ९ डिसेंबर २००४. मी मंडईत गेलो होतो, आवळे आणायला. घरी इंदू एकटी. खालच्या हिंमतरावांच्या शालनवहिनी सांगतात, "नुकतेच लाइट आले, आमचा पंखा फिरायला लागला, आणि वर धप्पकन आवाज झाला." त्या धावत वर आल्या. इंदू मोरीशेजारी पडलेली, नळ वाहतोय, बर्फाचा ट्रे बाजूला. मी पोचलो तेव्हा हात अजून ऊन होता. अभयला अकरा वेळा फोन लावला. गाडी त्याच्याकडे, तो हिंजवडीला. मीटिंग! फोन म्हणे बंद करून ठेवायचा नियम. रिक्षा मिळेपर्यंत वीस मिनिटं गेली. डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक, जरा आधी आणायला हवं होतं.

जरा आधी. ते दोन शब्द मी गिळले नाहीत, तोंडात धरून ठेवलेत.

त्या दिवसानंतर मी त्याला एकही फोन केलेला नाही. सव्वादोन वर्षं. काही हवं असलं तर सूनबाईला सांगतो. तो आता फोन कायम हाताशी ठेवतो, आंघोळीलासुद्धा बाथरूमच्या कट्ट्यावर. ठेव बाबा. आता कुणाचा यायचाय?

रविवार, ११ मार्च

हिंमतराव आणि वहिनी वर आले. सोफ्यावर बसतात न बसतात तोच, "काय बाबुराव, फ्रीजला पेन्शन सुरू केली का नाही अजून?"

म्हटलं, "आधी तुमची बंद होऊ दे."

वहिनी हसल्या. नम्रताने पोहे केले. तिला पोहे चांगले जमतात, हे कबूल. हिंमतरावांनी तिच्यासमोरच सांगितलं, "सूनबाई, सासऱ्याच्या हातचं काम आहे. आमच्याकडे नऊ वर्षं झाली, दिवा कधी लुकलुकला नाही." मला बरं वाटलं. फार दिवसांनी कुणी बरं बोललं.

मग मी म्हटलं, चला, सगळ्यांसमोर सोक्षमोक्ष. सूनबाईला म्हटलं, एक हात फ्रीजला लाव, एक नळाला. अभय "नको" म्हणाला, पण ती पुढे झाली. लावले दोन्ही हात. "काहीच नाही हो, बाबा." पायात त्याच सपाता! पण आज मी सपातांबद्दल बोललो नाही. जिंकलो होतो.

अभय म्हणाला, "ठीक आहे. नको बदलायला. राहू दे आईचा फ्रीज."

जिंकल्यासारखं वाटलं नाही मग. त्याच्या कानशिलावरचे केस पांढरे व्हायला लागलेत. तेहेतीस वर्षांचा आहे.

सोमवार, १२ मार्च

अर्धं लिंबू ठेवलं फ्रीजमध्ये. सहज.

गुरुवार, १५ मार्च, दुपार



नऊला लाइट गेले. नंदाने फ्रीज उघडून बर्फ सुटू दिला. ताट ओत म्हणून सांगायला मी विसरलो — नाही, विसरलो नाही. मागच्या वेळचं बोलणं लागलं असेल तिला, म्हणून पुन्हा बोललो नाही. अकराला लाइट आले. फ्रीज घुर्र करून सुरू झाला. नंदा ओट्यापाशी बर्फाचा ट्रे धूत होती. एकदम "आई गं!" आणि हात नळाला चिकटल्यासारखा. मी दाराजवळच होतो. मीटरपाशी गेलो — गुडघा कुठे गेला होता कोण जाणे — मेन स्विच खाली ओढला. ती खाली कोसळली.

शुद्धीवर होती. कोपर फुटलं. मी तिला "बाळा, बाळा" म्हणत राहिलो, दुसरं काही सुचेना. नम्रता ऑफिसला निघाली होती, जिन्यातून परत आली आणि तिला रिक्षाने दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात वाचली. तिच्या बोटाच्या पेरावर तपकिरी ठिपका उठलाय, मसुरीच्या डाळीएवढा. जाताना मलाच म्हणते, "काका, तुम्ही बसा, तुमचा चेहरा बघा कसा झालाय!"

नम्रताने अभयला कळवलं. त्याने तासाभरात इलेक्ट्रिशियन पाठवला. मी नाही म्हटलं नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळ

इलेक्ट्रिशियन म्हणजे संपत, अभयच्याच वयाचा. आधी फ्रीजची मागची बाजू बघितली. ताटातलं पाणी वाहून खालच्या जोडावर पडतं, तिथली वायर तडकलेली. पाणी पडलं आणि लाइट आले, की सगळ्या फ्रीजच्या पत्र्यात करंट. मी म्हटलं, "मग अर्थिंग कशाला आहे? तो जमिनीत जायला हवा."

तो ओट्याखाली वाकला. माझी तार हातात धरून म्हणाला, "काका, हे कुणी केलं?"

"मी."

"काम सुबक आहे. पण ही जाते कुठं?"

"पाइपातून जमिनीत."

त्याने पाइपवर स्क्रू-ड्रायव्हर वाजवला. हातभर टणटण वाजलं, पुढे टकटक. "एवढंच लोखंड राहिलंय. पुढं सगळं प्लॅस्टिक. प्लॅस्टिकातून करंट जाणार कुठं? नळापाशी येऊन बसतो, कुणाचा ओला हात लागतोय बघत." मी रविवारी सूनबाईने हात लावल्याचं सांगितलं. "ताईंच्या पायात रबर होतं, आणि त्या दिवशी जोड कोरडा असणार. ह्या बाई अनवाणी."

म्हणाला, तार नसती तरी धोका होताच, पण फक्त फ्रीजला हात लावणाऱ्याला. मी तो नळापर्यंत नेऊन पोचवला.

"पाइप कधी बदलले?"

दोन हजार चार. दिवाळीच्या आधी. बिल्डिंगीचा सेक्रेटरी तेव्हा मीच होतो. लोखंडी पाइप गंजले, पाणी तांबडं यायचं, म्हणून मीच सगळ्यांच्या मागे लागलो. प्लंबरबरोबर तीन दिवस उभा राहिलो. माझ्याच ओट्याखाली त्याने प्लॅस्टिक जोडलं, मी बॅटरी धरली होती. माझी तार डोळ्यांसमोर होती. डोक्यातच आलं नाही.

संपतला घेऊन तसाच खाली गेलो. हिंमतराव दारातच म्हणाले, "काय, आमचीही तपासणी?" मी त्यांना बाजूला सारलं, ओट्याखाली शिरलो आणि माझ्या हाताने बांधलेली तार माझ्या हाताने सोडली. वहिनी नळापाशी भाजी धूत होत्या. अनवाणी.

मग वर येऊन आपल्या फ्रीजचा प्लग काढला. दारावरचा कागद फाडला. संपत उद्या जमिनीत खड्डा घेऊन खरं अर्थिंग करणार आहे.

शुक्रवार, १६ मार्च

आंघोळीच्या पाण्याची बादली भरत होती. नळाकडे बघत बसलो आणि उलगडलं.

९ डिसेंबर. तोही गुरुवारच होता. लाइट नुकतेच आले होते. बर्फाचा ट्रे. नळ चालू. पाय अनवाणी, या घरात दुसरं काय असणार!

इंदूच्या बोटावर तपकिरी ठिपका होता. तिला न्हाऊ घालताना वहिनींनी दाखवला होता. तव्याचा चटका असेल म्हणालो.

दिवाळी झाल्यापासून दोन-तीनदा म्हणाली होती, "अहो, नळाला मुंग्या येतात." मी म्हणालो होतो, "बी.पी.ची गोळी घेतलीस का?"

अभयला फोन लावला. ऑफिसात. सव्वादोन वर्षांत पहिल्यांदा.

पहिली रिंग पुरी वाजली नाही.

"बाबा? काय झालं? मी निघतो लगेच — बाबा, बोला ना!"