आलुबुखाराच्या भट्टीतला दस्ता

१ सप्टेंबर
वुकाशिनने बंदुकीला नवा दस्ता बसवला. दीर माझा, दस्ता त्याचा, कौतुक गावाने करायचं! सासऱ्यांनी त्याच्या जन्माला लावलेला अक्रोड गेल्याच हिवाळ्यात पाडला. ते लाकूड चार-पाच वर्षं सावलीत वाळत पडायला हवं. याने ते ऑगस्टात आलुबुखार सुकवायच्या भट्टीत घातलं — फळांच्या शेजारी! बाहेरून खणखणीत, आतून ओलं. वर हरीण कोरलंय. शिंगांपेक्षा कान मोठे. वास मुरंब्याचा.

बेलग्रेडला चार वर्षं मी लाकूडच शिकले, असं म्हटलं. "वहिनी, तुम्ही कागदावर शिकलात."

५ सप्टेंबर
चार गावांच्या नेमबाजी सामन्याला संघात पाच जण. पाचवी जागा बावीस वर्षं माझी. यंदा वुकाशिनलाही हवी आहे. मंडळाचे अध्यक्ष तिहोमिर म्हणाले, सत्तावीसला दोघं दहा-दहा गोळ्या झाडा. माझी हरकत नाही. कशाला असेल?

११ सप्टेंबर
दोन दिवस पाऊस. वुकाशिनच्या गोळ्या एकामागून एक डावीकडे सरकत गेल्या. दोष आधी वाऱ्याला, मग दुर्बिणीला, मग काडतुसांच्या कारखान्याला. मी कॅलेंडरचं पान फाडून नळी आणि लाकूड यांच्यामधून सरकवलं. नळी मोकळी हवी. पान चार बोटांवर अडकलं. लाकूड फुगून नळीला ढकलतंय. आणि नळीमागचं यंत्र ज्यावर टेकतं ती बैठक अशी, की डुगडुगतं स्टूल बरं.
"लाकडात दोष कसा असेल वहिनी? झाड घरचं आहे."

१२ सप्टेंबर
जाऊ आली, ल्युबिंका. चीज भरलेली पेस्ट्री घेऊन. वुकाशिन धड जेवत नाही म्हणे. दस्ता पाठवून दे म्हटलं. मला जिंकायचंय, पण मुरंब्याला हरवून नाही.

१६ सप्टेंबर
नळीची खाच खरवडली, तेल पाजलं. यंत्राखाली राळ भरून पक्की बैठक केली. हरणाला हात लावला नाही. वुकाशिनने आभार मानले ते असे — "बघा, लाकूड चांगलंच होतं."

१८ सप्टेंबर
सराव. माझ्या दहापैकी तीन वर्तुळाबाहेर. पावसाने माझाही दस्ता फुगला असणार.

१९ सप्टेंबर
फुगलेला नाही. पान सुळकन जातं. तरी बैठक उकरून नव्याने भरली. स्क्रू दोनदा आवळले.

२४ सप्टेंबर
आज चार बाहेर. वारा होता. शिवाय काडतुसं नव्या पेटीतली.

२६ सप्टेंबर
वुकाशिनला म्हटलं, माझ्या बंदुकीने झाडून बघ. पाच गोळ्या. बाटलीच्या बुचाखाली पाचही भोकं झाकतील.
आयुष्यात पहिल्यांदा त्याने बंदूक दोन्ही हातांनी परत दिली.

२७ सप्टेंबर
सकाळीच तिहोमिरना फोन केला — चाचणी नको, वुकाशिनचं नाव लिहा. मंगळवारी डोळ्यांचे डॉक्टर.