पणजोबांची बंदूक

३ मार्च. सकाळी संग्रहालयात गेलो. १८९५ साली आमचं बेट घ्यायला आलेल्या जपान्यांशी झालेल्या लढाईतली एक बंदूक काचेत ठेवलीय. खाली कार्ड : ‘मालक अज्ञात’. अज्ञात कसला? आमचे पणजोबा. ते पागुआ टेकडीवर लढता लढता गेले, हे आमच्या चांगह्वा शहरात मी सगळ्यांना सांगितलेलं आहे. कालवे खात्यात चौतीस वर्षं फायली पाहिल्या. संशोधन म्हणजे आठवड्याचं काम.

५ मार्च. लेखी निवेदन दिलं. संग्रहालयाच्या अधिकारी खोबाई तर वर पुरावाही मागतात. शेजारच्या लिऊआजी तिथेच होत्या. बंदूक त्यांच्या आजेसासऱ्यांची म्हणे. मी चारचौघांत म्हटलं, तुमच्या घरात कधी धड काठी तरी होती का? त्या निघून गेल्या. लागलं असेल थोडं. पण इतिहासात भावना आणून चालत नाही.

९ मार्च, दुपार. पुरावा घरातच आहे. देव्हाऱ्यात पणजोबांच्या नावाची लाकडी फळी पुजलेली आहे, तिच्या पोटात त्यांची जन्ममृत्यूची तिथी लिहिलेली असते. उघडायची तर पितरांचा कौल हवा. कौलाचे दोन लाकडी तुकडे टाकले; एक उताणा, एक पालथा पडला तरच हो. तीनदा ‘नाही’ आलं. बायको, शिऊ-लुआन, म्हणाली, अहो, नको म्हणतायत तर राहू द्या की. बायकांना संशोधन कळत नाही. पणजोबा मुळातच प्रसिद्धीपासून लांब राहणारे. सातव्यांदा हो आलं.

मृत्यू : तायशो ११. जपानी राजाचं साल. म्हणजे १९२२. जखम हळूहळू भिनली असावी.

१२ मार्च. थोरल्या काकांकडे. वय त्र्याण्णव, ऐकू कमी, खाणं जोरात. बा-वान चावत म्हणाले, लढला कुठला तो? जपानी आल्यावर दारोदार फिरून बंदुका जमा करून दिल्या त्यानं. म्हणून तर त्यांनी गावचा मुखिया केला त्याला. लिऊंचा म्हातारा टेकडीवर पडला, आणि त्याच्या बायकोच्या हातून ती बंदूक तुझ्या पणजोबानंच काढून नेली. मी म्हटलं, मग आजवर बोलला का नाहीत? म्हणाले, तू विचारलंस कधी? तू सांगतच होतास.

घरी येऊन जेवलो नाही. लाज वाटली. शिऊ-लुआनकडेही पाहवेना.

१३ मार्च. उद्या लिऊआजींना सगळं सांगायचं. पक्कं.

१४ मार्च. कंबर धरली.

१५ मार्च. अननसाच्या वड्या घेऊन त्यांच्या दारापर्यंत गेलो. आत पाहुणे. अशी गोष्ट एकांतात सांगावी. वड्या बऱ्या होत्या.

१९ मार्च. खोबाईंचा फोन. लिऊआजींनी दावा मागे घेतला, तुमच्या निवेदनावरून कार्डावर पणजोबांचं नाव छापायला दिलंय. मी सांगणारच होतो. त्या घाईत होत्या.

संध्याकाळी लिऊआजी स्वतः आल्या. दारातच वाकल्या. म्हणाल्या, आम्ही अडाणी माणसं, सासूबाई सांगायच्या तेच खरं धरून बसलो. तुमच्या वाडवडिलांच्या वस्तूवर हक्क सांगितला, माफ करा.

मी म्हटलं, असू द्या.