ताटावरची नावं

५ डिसेंबर, गुरुवार

मुरुमला पोचलो एकदाचा. उमरग्याहून जीप मिळाली, तीत माझ्याबरोबर तुरीची पोती आणि एक शेळी. शेळीनं माझ्या बॅगेचा पट्टा चावून ओला केला तरी मूड चांगलाच होता. गाव आवडलं. दुकानांच्या पाट्या मराठी, पण दुकानदार आपापसात कानडी बोलतात आणि माझ्याकडं वळले की मराठी, मधी श्वास पण घेत नाहीत.

येडशीहून निघताना आई म्हणाली, आता हे कितवं रे रणधीर? मोबाईल रिपेरिंग झालं, सोलापुरात हॉटेल झालं, लग्नाच्या शूटिंगला लाईट धरून झाली. मी म्हणलं, हे शेवटचं. ती नुसती हसली. लग्नाचे व्हिडिओ काढणारे मल्लिनाथ सर आहेत, त्यांनी स्टुडिओच्या वरच्या खोलीत व्हिडिओचा कोर्स काढलाय. रोजनिशी पण त्यांनीच सांगितली. रोज काय बघितलं ते लिहा, डोळा तयार होतो म्हणे.

राहायला खोली मिळाली कल्याणप्पाकाकांच्या भांड्याच्या दुकानावर. त्यांचा मुलगा गौरीशंकर माझ्याच कोर्सला, आणि जेवण त्याच्या आईकडं, रुद्रम्माकाकूंकडं. जिन्यात कुणी दिसलं की काकू विचारतात, ऊट आय्ता? म्हणजे जेवण झालं का. नाही म्हणलं की हाताला धरून ताटावर बसवतात. आज मला दोनदा बसवलं.

९ डिसेंबर, सोमवार

सरांनी प्रोजेक्ट दिला. एखाद्या थरारक सिनेमाची नुसती सुरुवात करायची. सिनेमा नाहीच, फक्त ती दोन मिनिटं ज्यात नावं येतात. बघणाऱ्याच्या पोटात गोळा आला पाहिजे आणि नावं वाचता पण आली पाहिजेत, एवढीच अट. सगळ्यात चांगलं ठरेल ते कोर्स संपताना बाजारात पडदा लावून दाखवणार.

माझ्या गटात गौरीशंकर आणि निकिता. निकिता जवळच्या गावची, घरी शेती, स्कुटीवर येते. कॅमेरा तिच्या हातात गेला की गुमान ऐकतो. बोलायला मात्र तिखट. मी माझी आधीची कामं सांगितली तर म्हणाली, म्हंजे तू एकबी काम पुरं केलेलं न्हाय की रे, भटक्या.

ते लागलं. हे पुरं करायचं. आणि येडशीहून आईला आणून पडद्यावर माझं नाव दाखवायचं.

१३ डिसेंबर, शुक्रवार

आयडिया माझी! सरांनी गावातले आवाज रेकॉर्ड करायला पाठवलं होतं, पण डाळमिलपाशी एका माणसाशी बैलांच्या शिंगांवर बोलत बसलो आणि तिथून दुकानात आलो. एक बाई लेकीच्या लग्नाची भांडी घेऊन आलेली. गौरीशंकर त्यांच्यावर मशीननं नाव घालत होता. टर्र टर्र करत सुई नाचते आणि ठिपक्याठिपक्यानं अक्षर उमटतं. बघत राहिलो आणि ओरडलोच, अरे हेच! आपली नावं ताटांवर घालायची. खाली काळं कापड, वरून एकच कवडसा, सुई चालतीय, नाव उमटतंय. सिनेमाचं नाव पण तिथंच ठरलं, खरकटं.

नव्या ताटांना हात लावला तर अप्पा सोलतील, म्हणून गौरीशंकरनं माळ्यावरचा एक गठ्ठा काढला. अप्पा म्हणजे कल्याणप्पाकाका. ते भावाच्या ऑपरेशनसाठी कलबुर्गीला गेलेत, दुकान याच्यावरच आहे. गठ्ठ्यातल्या प्रत्येक ताटावर लिहिलेलं, कै. मथुराबाई यांच्या स्मरणार्थ. तेराव्याला जेवायला येतील त्यांना वाटायला तिच्या दोघा पोरांनी सांगितलेली ताटं. मग त्याखाली आधी कुणाचं नाव घालायचं यावरून दोघं दुकानातच एकमेकांच्या अंगावर गेले. ताटं कुणीच नेली नाहीत, तेरावं पण झालं नाही.

निकिता म्हणाली, आपलं बी तसंच व्हायचं बघा, म्हणून आत्ताच सांगते, पहिलं नाव माझं. लई हसलो.

१८ डिसेंबर, बुधवार

ताटांवरचं जुनं नाव पॉलिश पेपरनं जाईना, मग ग्राइंडर लावला. नाव घालायला मीच शिकलो. पहिल्या ताटावर निकिता, दुसऱ्यावर गौरीशंकर, शेवटच्यावर दिग्दर्शन रणधीर. माझ्या नावाला सुई अशी दाबली की ताटाच्या मागून ठिपके वर आले. खोटं कशाला सांगू, त्या नावावरून बोट फिरवत बसलो.

शूटिंग माझ्याच खोलीत, भर दुपारी. तेव्हा पत्र्याच्या भोकातून ऊन बरोबर ताटावर पडतं. निकिताला कॅमेऱ्यात दिसलं की तिरप्या उजेडात तिच्या नावाखाली जुनी अक्षरं पुसट उमटलीत, म, थु, रा. मी म्हणलं, परत घासू. गौरीशंकर म्हणाला, खुळा का काय, हेच तर भारी दिसायलंय. ठेवलं.

सरांनी तुकडा बघितला. परत लावायला सांगितला. म्हणाले, हा इफेक्ट कशात केलाय रे? आम्ही सांगितलं नाही.

२४ डिसेंबर, मंगळवार

निकिता तणतणत आली. आईनं डबाच दिला नाही. म्हणे आत्ता तर दोन भाकरी खाऊन उठलीस, पोटात काय विहीर हाय का? निकिता म्हणाली, आणि मी तवा मोरीत दात घासायले होते! गौरीशंकर म्हणाला, तुझ्या अंगाकडं बघून दोन भाकरी खोट्या वाटत न्हायत. ट्रायपॉड त्याच्या डोक्यात बसता बसता राहिला.

तिच्यासाठी खाली ताट मागायला गेलो. रुद्रम्माकाकू म्हणाल्या, त्या पोरीला मगाच वाढलं की. मी म्हणलं, काकू, ती आत्ता येऊन टेकलीय. काकूंनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काय मीच थट्टा करतोय. शेवटी वडापाव आणला. निकितानं खाल्ला आणि म्हणाली, खाल्ल्यासारखं वाटंना.

संगीतात चमचा ताटाला लागल्याचा आवाज टाकलाय. तो कुणी रेकॉर्ड केला ते दोघांनाही आठवत नाही. मीच केला असेल.

३० डिसेंबर, सोमवार

येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. आज सगळा मुलूख रानात जेवतो, आणि बांधावरनं जाणाऱ्या अनोळखी माणसाला पण हाक मारून बसवतात. आम्हाला निकिताच्या शेतात बोलावणं होतं. कडब्याची कोप म्हणजे खोपी, आत पूजा, मग आंबिल, पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर. मी इतका जेवलो की ज्वारीत आडवा झालो.

पण नीट लिहितो. निकिताला कुणी वाढलंच नाही. ती पंगतीत बसली तर चुलती म्हणाली, ऊठ गं, पहिल्या पंगतीला पोटभर जेवलीस, पाव्हण्यांना बसू दे. निकिताला आधी हसू आलं, मग रडू. आई, चुलती, शेजारच्या बाया, सगळ्या तेच सांगत होत्या. आणि मला पण—

मला पण आठवत होतं. पहिल्या पंगतीच्या टोकाला ती पाठमोरी बसलेली, तिची पिवळी ओढणी, मान खाली घालून भराभरा जेवत होती. मी बघितलं होतं. आणि त्याच वेळी निकिता माझ्या शेजारी उभी राहून शूटिंग करत होती, हे पण मला माहीत आहे.

ओढणी तिच्या अंगावर सैल झालीय. गालफडं दिसायला लागलीत.

२ जानेवारी, गुरुवार

शूटिंगनंतर ताटं धुऊन, काळ्या कापडात गुंडाळून मीच माझ्या कपाटात ठेवली होती. आज टायटलचा एक शॉट परत घ्यायला काढली. निकिताचं ताट खरकटं. आंबिल वाळून कडेला पापुद्रा धरलेला, भज्जीतली मेथी चिकटलेली, मधी बोटं फिरवल्याचे ओरखडे.

गौरीशंकरला विचारलं. तो नेहमी असली मस्करी करतो. पण तो हसला नाही. म्हणाला, आईनं सकाळपासून मला काय दिलेलं न्हाय, म्हणती आत्ताच जेवलास.

त्याचं ताट तिच्या ताटाखालीच होतं. त्यावर भात होता. ओला.

४ जानेवारी, शनिवार

निकिता उमरग्याच्या दवाखान्यात. सलाईन. डॉक्टर म्हणतात पोटात अन्नच नाही. तिची आई शपथ घेऊन सांगतीय, माझ्या हातानं वाढलंय हो, रोज.

कल्याणप्पाकाका आले. ताटं बघून मटकन खुर्चीत बसले. मथुराबाईची दोन पोरं शेजारीशेजारी राहायची. म्हातारीला एक महिना याच्याकडं, एक महिना त्याच्याकडं. महिना संपला त्या दिवशी याला वाटलं ती तिकडं जेवली, त्याला वाटलं इकडं. दुसऱ्या दिवशी पण तेच. भांडण होतं, कुणी कुणाला विचारलं नाही. दोन दारांच्या मधल्या ओट्यावर सापडली. विचारणाऱ्याला दोघं एकच सांगत होते, तिकडं जेवून आली असंल.

काका म्हणाले, या ताटांवर तिच्या नावानं एक पान बी वाढलेलं न्हाय रे लेकरांनो. आणि तुमी त्यावर तुमची नावं घातली. पुढं काय करायचं ते त्यांनाही माहीत नाही. भंगारात घाला म्हणाले.

भंगारात घालून कसं चालेल? म्हातारीला जेवायलाच पाहिजे आहे.

५ जानेवारी, रविवार

डोक्यात आलं ते केलं. निकिताचं नाव हलक्या हातानं घासलं, त्या जागी परत मथुराबाई घातलं. काकूंकडून वरण, भात, पोळी, वर तूप. ताट वाढून जिन्याखाली ठेवलं. गौरीशंकर आणि मी भिंतीकडं तोंड केलं. मी म्हणलं, मथुराबाई, जेवा.

पाठीमागं आवाज येत राहिला. लई वेळ. वळलो तर ताट लख्ख.

निकिताच्या आईचा फोन. पोरगी भाकरी मागायलीय, वाढू का? ओरडलो, वाढा! तिघंही फोनवर रडलो.

गौरीशंकरचं ताट पण तसंच केलं. माझं राहू दिलं, मला तर काकू रोज वाढत होत्या. काकूंनी त्याला विचारलं, ऊट आय्ता? तो नाही म्हणाला आणि जेवायला बसला.

मला विचारलं नाही.

६ जानेवारी, सोमवार

काल जेवलो नाही. आज पण नाही. काकू म्हणतात, आय्तु की, मगाच झालं तुझं.

माझं ताट घासायला घेतलं. नाव खोल आहे. मीच खोल घातलं होतं. निघेना. ग्राइंडर दाबला, आणखी दाबला. पत्रा पातळ होत गेला आणि एकदम फाटला. जिथं नाव होतं तिथं भोक. तिचं नाव घालायला जागाच नाही.

गठ्ठ्यातली उरलेली ताटं काकांनी परवाच भंगारात घातलीत, म्हणून नवं ताट आणलं दुकानातून, त्यावर तिचं नाव घातलं, वाढलं, हाक मारली. माश्या बसल्या. बाकी कुणी नाही.

ती ताटं तिची होती. हे तिचं नाही.

७ जानेवारी

बिस्किटं, केळी. तोंडात जातात. पोटात काही नाही. पायऱ्या चढताना बसावं लागतं.

सरांनी आमची दोन मिनिटं निवडली. पडद्यावर दाखवणार. म्हणाले, शेवटचं नाव काय उठून दिसतंय. पहिल्यांदा पुरं केलं मी काहीतरी.

आईला फोन केला. येतो म्हणलं, आलो की जेवायला घाल. आई म्हणाली, असं काय करतोस, आत्ता तर जेवून उठलास. चप्पल पण न घालता कुठं गेलास रे—

मी मुरुमलाय. आई, मी मुरुमलाय.

८

गौरीशंकर ताट घेऊन आला. जिन्यात थांबला. म्हणाला, अरे तुझं झालंय न्हवं? आणि परत नेलं. तो पण विसरला. काल रडत होता माझ्यासाठी—

फाटकं ताट कापडात होतं. आता वरणाचा वास. भोकाच्या कडेला शितं.

दुपार

ऊन बरोबर छताच्या भोकातून आलंय. खालून काकूंचा आवाज, कुणाला तरी सांगतायत, रणधीर व्हय, तो वर जेवायलाय, थांबा जरा.

खरंच आहे. कवडशात कुणीतरी बसलंय, पाठमोरं. माझा चेक्सचा शर्ट. भात कालवतंय. हात म्हातारा आहे. बांगडी—

लिहितोय म्हणजे मी आहे. मी रणधीर. मी जेवलेलो नाही. वाचणाऱ्यानं हे आईला सांगा, मी जेवलेलो

म्हणलं, मथुराबाई, मला एक घास द्या.

तिनं मान वळवली नाही. मऊ बोलली. म्हणाली, तिकडं जेवून आला असशील की बाळा, आता हितं कशाला—