ऋतिका बरी आहे, केळी पाठवू नयेत

पिंप्राळा, जळगाव
मंगळवार, दुपार

ती. अक्कास धाकट्या मोतीलालचा सविनय जय भीम.

तुझ्या गुडघ्याला तेल लावणं चालू असेल, गोळ्या वेळेवर घेत असशील आणि धुळ्याच्या या उन्हात पापड बघायला दुपारी गच्चीवर जाणं बंद केलं असशील, असं धरून चालतो. (बंद केलं नसशील हे मला ठाऊक आहे, पण पत्रात तसं धरून चालावं लागतं.) इकडे आम्ही सगळे बरे आहोत. हे वाक्य तू कृपा करून दोनदा वाच. ऋतिकासुद्धा बरी आहे. तुझ्या कानावर पारोळ्याकडून काही वेगळं आलं असेल, तर ते कसं आलं तेच सांगायला हे पत्र. आणि अजून आलं नसेल तर येण्याआधी हे पोचावं, म्हणून स्पीड पोस्टाने टाकणार आहे. फळं घेऊन कुणाला इकडे पाठवू नकोस. विशेषतः केळी नकोतच.

तू ऋतिकाला शेवटचं पाहिलंस ते तुझ्या प्रशीलच्या लग्नात. तेव्हा राजदीपची ही पोर गोल चेहऱ्याची होती आणि हॉलचा जिना चढताना मध्येच थांबून भिंतीवरचे फोटो बघत होती. (ती फोटो बघत नव्हती, दम खात होती, हे मला फार उशिरा कळलं.) दिवाळीनंतर नववीच्या मुलींना शाळेत चारशे मीटर पळायला लावलं. ही दोनशेलाच खाली बसली. घरी आली, दप्तर ठेवलं आणि म्हणाली, "मी उद्यापासून पळणार." सूनबाई शिल्पाने परवानगी दिली, पण एका अटीवर, की आबा सोबत हवेत. अक्का, पोस्टातून निवृत्त होऊन मला पंधरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत कुणाच्या कुठल्याही अटीत माझं नाव आलं नव्हतं. त्या रात्री मी कानटोपी उशाशी घेऊन झोपलो.

मग रोज पहाटे माझ्या स्कूटरवरून मेहरूणला. सुरुवातीला ती तलावाकाठी विजेचा एक खांब पळायची आणि दोन खांब चालायची. पुढे एक खांब पळणं, एक खांब चालणं. मी पाण्याची बाटली, टॉवेल, हळद, कापूस आणि आयोडिन घेऊन बाकावर. तिथे बसून काळजी करायची. कुत्री मागे लागतील, दवाने पाय घसरेल, एवढ्या थंडीत छातीत कफ होईल, मोटरसायकलवाला वळणावर बघणार नाही. एकदा तर एक पाणकोंबडी तिच्याकडे ज्या नजरेने बघत होती ती मला बरी वाटली नाही. पण माझी खोड तुला माहीत आहे. समोर पाणी असलं, त्यावर धुकं असलं आणि पलीकडे सूर्य यायची तयारी असली, की मला चौथीचं पुस्तक आठवतं. त्याचं मळकं खाकी कव्हर, आपण दोघं शेताच्या बांधावरून शाळेत जायचो ते, तू पुढे आणि मी मागे, तू एक ओळ म्हणायचीस आणि मी दुसरी, आणि ओळ चुकली की तू न वळता मागे हात करून टपली मारायचीस. ती टपली आठवता आठवता मी एक अख्खी कविता म्हणून टाकली, डोळे मिटून. उघडले तर पोर दिसेना.

मी बाकावर चढून पाहिलं. तेवढ्यात दूरवर तिचा पिवळा टी-शर्ट दिसला. मी स्कूटर काढली आणि मागे लागलो. "दम खा, बाई! दम खा! कालचा खोकला विसरलीस का?" असं ओरडत मी बरंच अंतर गेलो. पिवळा टी-शर्ट जोरात पळू लागला, तसा माझा जीव आणखी घाबरला आणि मीही जोरात ओरडू लागलो. शेवटी तो टी-शर्ट थांबला आणि वळला. चाळिशीच्या एक बाई होत्या. त्यांनी माझं नाव, पत्ता आणि स्कूटरचा नंबर विचारला. मी तिन्ही सांगितले, वर पिनकोडही सांगितला (नोकरीची सवय). ऋतिका मागून चालत आली आणि त्यांना म्हणाली, "सॉरी काकू, ते माझे आबा आहेत. ते काळजी करतात." आता त्या बाई मला रोज नमस्कार करतात, पण लांबूनच.

संध्याकाळचं प्रकरण वेगळंच. कॉलनीतल्या मोकळ्या प्लॉटवर ऋतिका, स्नेहल, मयुरी आणि दोन-चार पोरं जमतात. आज काय खेळायचं हे कुणाच्या घरून काय सापडतं त्यावर ठरतं. चेंडू सापडला तर फुटबॉल, नाही सापडला तर खो-खो, आणि एकदा चेंडू सापडला पण हवा भरायला पंप सापडला नाही तेव्हा दोन्हींच्या मधलं काहीतरी. तिथेही मी आयोडिन घेऊन उभा. एकदा गोलसाठी दोन विटा लागत होत्या आणि एकच मिळाली. म्हणून एका बाजूला वीट आणि दुसऱ्या बाजूला मी. अक्का, नुसतं उभं राहणं किती अवघड असतं म्हणून सांगू! ऋतिका धावत आली की ती पडेल या धास्तीने माझं पाऊल आपोआप तिच्याकडे पडायचं. लगेच स्नेहल किंचाळायची, "आबा, हलू नका ना! गोल लहान होतोय!" ऋतिका पडलीही दोनदा. दोन्ही वेळा मी आयोडिन घेऊन पोचायच्या आत उठून पुढे गेली होती. कौतुकाने मी तिच्यासाठी दोन ओळी केल्या आणि तिथेच मोठ्याने म्हटल्या:

पळ पळ पोरी, वाट पुढे ही,
मागे आबा धापा घेई.

पोरांना त्या इतक्या आवडल्या की ती आठवडाभर त्याच ओरडत होती. ऋतिकाने मला बाजूला घेऊन विनंती केली, की कविता मनात म्हणत जा.

चार महिने असे गेले. गालांची गोलाई उतरली. जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढू लागली. पंधरा दिवसांपूर्वी तिने तलावाची फेरी एकदाही न थांबता पुरी केली आणि माझ्यासमोर उभी राहून, कमरेवर हात ठेवून हसली. मी टॉवेल द्यायचं विसरलो. आता येत्या रविवारी मेहरूणच्या पोरींशी यांचा फुटबॉलचा सामना ठरला आहे. कप नाही, पंच नाही, हरेल त्यांनी जिंकतील त्यांना कुल्फी द्यायची. पण सगळ्या तयारीला अशा लागल्या होत्या, की घरात दुसरा विषय नव्हता. एवढं सगळं चांगलं चाललं होतं, आणि तिथे मी फोन केला.

फोन केला पारोळ्याच्या आपल्या चुलत वहिनीला, भिकुबाईला. तिने विचारलं, पोरं काय म्हणतात. मी म्हणालो, ऋतिका अर्धी झाली. रोज पहाटे धाप लागते, घामाने अंथरूण भिजावं तसे कपडे भिजतात, संध्याकाळी पुन्हा तेच. चेहरा ओळखू येत नाही. पुढे कसं होणार, मला काही सुचत नाही. यात एक अक्षर खोटं नाही. पोर पळते, हे तेवढं सांगायचं राहिलं.

परवा रविवारी सकाळी सातला दारात जीप थांबली. भिकुबाई, तिचा लोटन आणि आणखी तिघं. आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हाताने जायचं नाही ही आपली रीत. त्यामुळे बिस्किटांचे पुडे, मोसंबी आणि लोटनच्या खांद्यावर केळीचा एक अख्खा घड. भिकुबाईने उंबऱ्यातूनच विचारलं, "पोर कोठे शे, भाऊ?"

मी म्हणालो, "पळायला गेलीय."

भिकुबाईने माझ्याकडे पाहिलं, मग लोटनकडे पाहिलं. "लोटन, आबाले पानी दे," ती हळूच म्हणाली. मला धरून खुर्चीत बसवलं. मी दोनदा उठून सांगायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा चौघांनी मला परत बसवलं आणि पाठीवरून हात फिरवला. भिकुबाई स्वयंपाकघरात शिरली आणि शिल्पाला म्हणाली, "कोनता दवाखानामा शे ती? आम्हाले सांग, घाबरू नको." शिल्पाच्या हातातलं उलथनं खाली पडलं, कारण तासाभरापूर्वी घरातून गेलेली पोर दवाखान्यात आहे हे तिला या बाईकडून कळत होतं. तेवढ्यात जीप बघून शेजारचे प्रेमराजभाऊही "काय झालं?" करत आत आले.

आणि मग, अक्का, ऋतिका आली. घामाने निथळत, लालबुंद, धापा टाकत, एक गुडघा खरचटलेला. पाहुण्यांना पुरावा आणखी काय हवा? "माय वं! बठ्ठी वायी गई पोर!" म्हणत, पोर पार वाळली म्हणून हळहळत भिकुबाईने तिला मिठी मारली आणि रडायलाच लागली. ऋतिकाने तिच्या खांद्यावरून घाबरून मला विचारलं, "आबा, कोण गेलं?" तिला बळेच पलंगावर आडवं केलं, पंखा पाचवर, पायांना चोळणं. तिने एवढंच सांगितलं की भूक लागलीय. एकापाठोपाठ सहा केळी खाल्ली. सातवं सोलताना भिकुबाईने डोळे पुसले. खाते तरी आहे, एवढंच तिला समाधान. दुपारपर्यंत मी सगळं उलगडून सांगितलं. तिने ते शांतपणे ऐकलं आणि जाताना शिल्पाला म्हणाली, की भाऊंकडेपण लक्ष ठेव.

पण परिणाम व्हायचा तो झाला. शिल्पा त्या रात्री पोरीच्या खांद्याच्या हाडाकडे बघत बसली. "आबा, पारोळ्याहून पाच माणसं उगाच येतात का? रोज बघून आपल्याच लक्षात आलं नसेल." काल डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, पोर ठणठणीत आहे. मग त्यांनी शिल्पाचं ब्लडप्रेशर बघितलं आणि तिलाच मीठ कमी करायला सांगितलं, त्यामुळे ती आणखी बिथरली. आता परीक्षा होईपर्यंत पळणं बंद, खेळणं बंद आणि रविवारचा सामनाही बंद. ऋतिका रडली नाही. तिने फक्त माझ्याशी बोलणं सोडलं. काल राजदीपला म्हणाली, "पप्पा, तुमच्या वडिलांना सांगा, आंघोळीचं पाणी तापलंय." मी तिथेच, तिच्यापासून दोन हातांवर, टॉवेल खांद्यावर टाकून उभा होतो.

बाकी सर्व ठीक. पापड झाले असतील तर उडदाचे थोडे आमच्यासाठी ठेव. घरातल्या पोरांना माझे आशीर्वाद सांग, आणि गच्चीवर जाऊ नकोस.

तुझा,
मोतीलाल

ता. क. खरं तर पत्र यासाठी लिहिलं. पत्र मिळाल्याबरोबर शिल्पाला फोन कर. ती राजदीपचं ऐकत नाही, माझं तर आता मुळीच नाही, पण तुझ्यापुढे ती मान वर करत नाही. डॉक्टर म्हणतात ते बरोबर आहे आणि पोरीला रविवारी खेळू दे, एवढंच सांग. माझं नाव काढू नकोस.

आणखी एक. वर मी लिहिलं आहे, की पोर पळते हे सांगायचं राहिलं. ते राहिलं नव्हतं. त्या शुक्रवारी तलावावर ऋतिका मला म्हणाली होती, "आबा, उद्यापासून तुम्ही नाही आलात तरी चालेल. आम्ही पाच जणी मिळून जाऊ, स्नेहलची आई आहे सोबत. तुम्हाला पहाटेचा गारवा बाधतो." किती मायेने म्हणाली! माझ्या गळ्याभोवतीचा मफलरसुद्धा नीट केला. मी घरी आलो आणि भिकुबाईला फोन लावला. कुणीतरी म्हणावं, मोतीलाल, पोरीला एकटं सोडू नकोस, असं वाटत होतं. पळते म्हटलं असतं, तर ती असं म्हणाली नसती. एवढ्या लोकांनी जीप करून यावं असं मात्र खरंच मनात नव्हतं.

बुधवारी सकाळी. पत्र अजून टाकलेलं नाही. काल संध्याकाळी हा वरचा मजकूर मी शिल्पाला आणि ऋतिकाला वाचून दाखवला. (कवितेच्या दोन ओळी सोडून.) शिल्पा म्हणाली, "आबा, तुम्ही मला सांगायचं होतं हो." मग तिने स्नेहलच्या आईला फोन करून कळवलं, की पोर उद्यापासून येईल आणि रविवारी खेळेलही. आज पहाटे पावणेसहाला दारात स्नेहलच्या आईचा हॉर्न वाजला. ऋतिका बुटांच्या नाड्या बांधून उठली, दारापर्यंत गेली, वळली आणि म्हणाली, "आबा, दार लावून घ्या." तीन दिवसांत माझ्याशी बोललेली ही पहिली गोष्ट. मी दार लावून घेतलं.

तेव्हा शिल्पाला फोन करू नकोस. मला कर. सकाळी सहा ते साडेसात. तुला फोनवर नीट ऐकू येत नाही हे मला माहीत आहे, त्याचं काही नाही. तू नुसता कानाला धर.